कच्च्या वाडग्यांतली पेज

वाडगा हातात मऊ पडला तेव्हा सत्यवतीबाईंना आधी वाटलं, आपल्याच बोटांतलं काहीतरी गेलं. मुलगा साईश ऑफिसला गेला होता, सून मागच्या बाल्कनीत तिच्या मातीत होती, आणि पेजेची वेळ झाली होती. पणजीतल्या या चौथ्या मजल्यावरच्या घरात पेज जेवणाऱ्या त्या एकट्याच. पण पेडण्याहून येताना त्यांनी फार काही आणलं नव्हतं, ही वेळ तेवढी जशीच्या तशी आणली होती. बशा-वाट्या घासायच्या पडल्या होत्या म्हणून त्यांनी जनेलात, खिडकीच्या कट्ट्यावर, ठेवलेला एक तांबडा वाडगा उचलला, त्यावर फुंकर मारली, कढत पेज ओतली आणि खारातल्या तोराची, कच्च्या आंब्याची, फोड वर ठेवली. क्षणभर काहीच झालं नाही. मग तळहाताला ओल लागली. मग वाडग्याची एक कड, झोप आलेल्या माणसाची मान कलते तशी आत कलली, आणि पेज, माती, तोर सगळं एक होऊन त्यांच्या बोटांमधून ओट्यावर उतरलं. त्या हातात उरलेला चिखल बघत उभ्या राहिल्या.

तेजस्विनी आली. तिने आधी सासूचा हात नळाखाली धरला, उलटा-सुलटा करून बघितला, भाजलं नाही ना याची खात्री केली. मग ती ओट्याकडे वळली आणि बघतच राहिली. पेजेतून तांबड्या रेघा पसरत होत्या. बाईंना वाटलं, आता ही हळहळेल, किंवा मनातल्या मनात रागावेल. त्या म्हणाल्या, मोडला गं तुझा वाडगा. तेजस्विनी म्हणाली, मोडला नाही, तो भाजलेलाच नव्हता. आणि मग शाळेतल्या हुशार मुलीने विचारावं तसं, अगदी मन लावून तिने विचारलं, "आई, आधी काय वाटलं? हातात असताना?"

असला प्रश्न बाईंना आयुष्यात कुणी विचारला नव्हता. चाळीस वर्षं शाळेत त्याच प्रश्न विचारत आल्या होत्या. त्यांनी फडकं घेतलं. पण दिवसभर तळहात त्यांना सोडेना. वर्तमानपत्र धरलं तरी ते पडेल असं वाटे. दुपारी आडव्या झाल्यावर त्यांना उमगलं की हा मऊपणा त्यांच्या ओळखीचा होता. दोन वर्षांपूर्वी बांबोळीच्या इस्पितळात नवऱ्याचा, गोकुळदासांचा, हात त्यांच्या हातात असाच पडला होता. तोवर त्या हाताला एक ताठा होता; दुकानात गूळ फोडणारा, मेजावर आपटून वाद घालणारा हात. त्या दोघांचा वाद तरी किती जुना. गोव्याची राजभाषा मराठी की कोंकणी, हे आंदोलन पेटलं तेव्हा बाई पेडण्याच्या शाळेत मराठी शिकवत होत्या आणि मराठीच्या मोर्चात पुढे चालत होत्या. गोकुळदास दुकान बंद करून कोंकणीच्या सभेला जात होते. घरात महिनेच्या महिने धुसफूस. शेजारीपाजारी हसत, कारण नवरा-बायको भांडायची ती एकाच भाषेत, पेडण्याच्या आपल्या घरच्या बोलीत. तिला मराठी म्हणा की कोंकणी, ती त्या दोघांची होती. गोवा राज्य झालं त्या दिवशी गोकुळदास पेढे घेऊन आले आणि म्हणाले, आता तरी गोड खा. बाईंनी पेढा खाल्ला, पण अर्धा. हे सगळं आठवून त्यांना आता हसू आलं नाही. गोकुळदास गेल्यापासून त्या बोलीत त्यांनी कुणाशी शब्द उच्चारला नव्हता. साईशशी, सुनेशी, लिफ्टमध्ये भेटणाऱ्यांशी त्या शाळेतलं स्वच्छ मराठी बोलत. ती बोली कुठे गेली असेल? माणूस जातं तेव्हा त्याच्याशी बोलायची भाषाही जाते काय?

सून आणली तेव्हाही भाषेचाच काटा होता. तेजस्विनीचे वडील सदाशिव हे सिंधुदुर्गातल्या दोडामार्गकडचे. ऐन विशीत डिचोलीला आले, खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर झाले आणि तिथेच राहिले. पोर डिचोलीत जन्मली, डिचोलीत शिकली, पुढे कलेच्या शिक्षणाला पार बडोद्यापर्यंत गेली. तरी साखरपुड्याला बायकांतलं कुणीतरी हळूच म्हणालं होतं, भायली ती. बाहेरची. बाईंनी तो शब्द ऐकला होता आणि ऐकला नाही असं दाखवलं होतं. पोरगी काय करते हे तर त्यांना आजतागायत नीट सांगता येत नव्हतं. कुणी विचारलं तर त्या म्हणत, मातीची भांडी करते. मग विचारणारा म्हणे, कुंभारकाम? मग त्यांना सांगावं लागे की नाही, त्यात कॅमेरा असतो, आवाज असतात, प्रदर्शनं असतात, एकदा तिने लोकांनी टाकलेल्या बाजारू क्रॉकरीचे तुकडे शिवून नेसायचं पातळ केलं होतं. एवढं सांगून होईपर्यंत ऐकणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असे, आणि बाईंना उगाच अपमान झाल्यासारखं वाटे. कुणाचा, ते त्यांना ठरवता येत नसे.

त्या सकाळनंतर तेजस्विनीला दुसरं काही सुचेना. रोज ती कच्च्या वाडग्यात पेज ओती आणि वर कॅमेरा लावून बघत बसे. जाड केला तर वाडगा नुसता बसून राही, पातळ केला तर लगेच हार मानी. तिला हवा होता तो या दोहोंच्या मधला. माणूस बसेल, दोन घोट घेईल, बोलेल, आणि मग त्याच्या हातातलं भांडं त्याला सोडून जाईल. बाई दारात उभ्या राहून बघत. हळूहळू खुर्ची घेऊन बसू लागल्या. शाळेत त्यांनी हुशार मुलं खूप पाहिली होती, पण हुशारी आणि हे वेगळं होतं. सकाळभर राबून केलेले वाडगे ती सगळे परत पाण्यात टाकी आणि तिच्या चेहऱ्यावर खंत दिसत नसे. चिडत नसे, कुणाला दाखवायला हसतही नसे. माती तिच्या कोपरापर्यंत चढलेली असे आणि कपाळावरचे केस मागे सारायला ती खांदा वापरी. बाईंना वाटे, इतकं लक्ष आपण कशाला दिलं होतं? मुलांना? गोकुळदासांना? एकदा त्या आपण होऊन म्हणाल्या, पेज फार कढत ओततेस, थोडी निवू दे, वर साय धरू दे. तेजस्विनीने तसं केलं. वाडगा बराच वेळ टिकला. तिने वळून सासूकडे पाहिलं आणि मान हलवली, एका कामकऱ्याने दुसऱ्याला हलवावी तशी. ती मान बाईंनी दिवसभर जपून ठेवली.

मग एका रविवारी तिने बाईंना डिचोलीला नेलं. खाणी त्या वर्षीच बंद पडल्या होत्या. रस्त्याकडेला ट्रकांच्या रांगा उभ्या, त्यांच्या चाकांत गवत वाढलेलं. लहानपणी बाई या वाटेने साखळी-कारापूरकडे मामाच्या घरी जात तेव्हा इथे दोन्ही अंगांना शेतं होती एवढंच त्यांना आठवत होतं. ती तांबडी कधी झाली हे बघायला त्या इथे नव्हत्या. खाणीच्या डोंगराखाली एक कोपरा होता, वर्षानुवर्षं डोंगरावरचा गाळ उतरून त्यातला भाताचा वाफा पुरला गेला होता. तेजस्विनी तिथून माती घेई. सदाशिव तिथे घमेलं घेऊन आधीच उभे होते. उंच, वाळलेला माणूस, हातापायाच्या रेघांत तांबडेपणा कायमचा बसलेला. लग्नानंतर विहीण-व्याह्यांची भेट सणापुरती. बाई त्यांच्याशी बोलायच्या ते जपून, अंतर ठेवून. आज सदाशिव लेकीला माती भरून देत होते. मध्येच थांबले आणि मुठीतला गाळ बघत म्हणाले, "आख्खो जलम ही माती धक्क्यार न्हेऊन ओतलंय, विहीणबाई. थंयसून बार्जीन मुरगावच्या बंदराक. मुरगावसून खंय, ता देवाक ठावक. हीतली मूठभर घराकडे रवता ती आज पयल्यांदा बघतंय."

बाईंनी पिशवीचं तोंड त्यांच्यापुढे उघडं धरलं. परतताना बसमध्ये त्यांच्या मांडीवर मातीची पिशवी होती. ती जड होती, आणि उबदार होती. त्यांना वाटत राहिलं की कुणाचं तरी मूल आपल्याकडे क्षणभर सांभाळायला दिलं आहे.

प्रदर्शन पणजीतल्या एका संस्थेच्या हॉलमध्ये ठरलं होतं. लोकांनी चटईवर पंगतीने बसायचं, कच्च्या वाडग्यात पेज वाढायची, आणि जेवताना कानावर आवाज पडायचे: पेडणे, डिचोली, म्हापसा इकडच्या माणसांचे, ती काय जेवतात, कुठे बसून जेवतात, जेवायला कशी बोलावतात, एवढंच सांगणारे. तेजस्विनी महिनाभर माणसांच्या ओसऱ्यांवर रेकॉर्डर घेऊन हिंडली होती. सगळं ठरलेलं असताना संस्थेचे अध्यक्ष शांताराम घरी आले. ते बाईंचे पेडण्याच्या शाळेतले विद्यार्थी. वाकून नमस्कार केला, सुनेचं मनापासून कौतुक केलं. मग चहाचा कप खाली ठेवत त्यांनी अडचण सांगितली. कार्यक्रमाचं नाव गोव्याच्या चवी असं आहे. आवाजांत काही आवाज हद्दीपलीकडून आलेल्यांचे आहेत. त्यात तो ट्रक ड्रायव्हर तर सरळ मालवणी बोलतो. वातावरण कसं आहे ते बाईंना ठाऊकच आहे, उगाच कुणी बोट ठेवायला नको. दोन-तीन आवाज काढले की झालं. तेजस्विनी घरात नव्हती. शांताराम म्हणाले, बाई, तुम्ही सांगितलंत तर ऐकेल ती.

बाईंना ते वाजवी वाटलं. संध्याकाळी सून आल्यावर त्यांनी तिला सांगितलंही: हॉल मोठा आहे, तुझं काम चार लोक बघतील, दोन आवाजांनी काय बिघडतं. सांगताना त्यांच्या आवाजात शाळेतली समजूत होती. तेजस्विनीने वाद घातला नाही. तिने कानाला लावायचा तो काळा पट्टा सासूच्या डोक्यावर अलगद चढवला आणि कळ दाबली. आधी घरघर, मग कुठे तरी कोंबडं, मग सदाशिवांचा आवाज, इतका जवळ की बाईंनी मान मागे घेतली. ते सांगत होते की जेवण गाडीतच व्हायचं, खेपेमागून खेप, उतरायला वेळ कुणाला. काचा बंद करून डबा उघडायचो तरी धूळ यायची. भात वरून तांबडा व्हायचा. आधी आधी वरचा थर काढून टाकायचो. मग म्हटलं किती टाकणार. आवाज थांबला, हसला, आणि म्हणाला, "मगे खावकच लागलंय. गोंयची माती इतकी कोणी खाल्ली आसतली?"

बाईंनी पट्टा काढला. केस विस्कटले होते, ते त्यांनी सारखे केले. आपल्या डोक्यात अजून कुणीतरी श्वास घेतंय असं त्यांना वाटत होतं. साखरपुड्यातला तो शब्द, भायली, तेव्हा त्यांच्या कानावरून नुसता गेला होता. आता तो आत कुठे तरी बसला असल्याचं कळलं. त्या आतल्या खोलीत गेल्या, शांतारामांना फोन लावला आणि शांतपणे सांगितलं की एकही आवाज निघणार नाही. शांताराम बराच वेळ समजावत राहिले, मग त्यांचाही स्वर बदलला. मग हॉल देणं कठीण आहे, म्हणाले. बाई म्हणाल्या, "मग नको देऊ." त्यांनी फोन ठेवला. चाळीस वर्षांत कुणा विद्यार्थ्याशी त्या असं तोडून बोलल्या नव्हत्या. आणि आता त्यांना भीती वाटली ती दुसरीच: आपण त्या पोरीचा हॉल घालवला, तिला न विचारता. त्यांनी बाहेर येऊन तसं सांगितलं. तेजस्विनी मातीच्या हातांनी दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती जवळ आली, पण शिवली नाही, हात चिखलाचे होते म्हणून. म्हणाली, बरं झालं. शुक्रवारी म्हापशाला करू.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भांड्यांची रांग असते. तिथे डिचोलीची चंद्रावती मडकी विकते. तेजस्विनी तिच्याकडून भट्टीचं काम शिकली होती. चंद्रावतीने आपली अर्धी जागा मोकळी करून दिली. चटई अंथरली. मोठ्या माठांच्या आत तेजस्विनीने छोटे स्पीकर ठेवले, त्यामुळे आवाज मातीच्या पोटातून आल्यासारखे येत. पेजेचं भांडं बाईंच्या पुढ्यात. वाढणार कोण हे कुणी ठरवलं नव्हतं. भांडं जड होतं, सून वायर जोडत होती, बाईंनी पळी हातात घेतली. सुती पातळ, चष्मा, पेडण्याच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई, आणि म्हापशाच्या बाजारात जमिनीवर बसून पेज वाढणार. ओळखीचं कुणी दिसू नये अशी त्यांनी मनात प्रार्थना केली, आणि लगेच दिसलं. पेडण्याचा भिकाजी, पूर्वी त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा, केळ्यांचा घड खांद्यावर घेऊन थबकला. बाई, तुमी हंय? बाईंच्या तोंडून उत्तर निघालं ते त्यांनाही नवं होतं. "बस रे. पेज घे. निवली मागीर बरी लागना." दोन वर्षांत पहिल्यांदा ती बोली त्यांच्या जिभेवर आली होती, आणि ती कुठे गेलीही नव्हती, दाराआड उभी असल्यासारखी होती.

मग लोक बसत गेले. मासळीवाल्या, पिकअप टेम्पोवाले, बँकेतली एक मुलगी, तिसवाडीचं एक म्हातारं जोडपं. माठांतून माणसं विचारत होती, जेवलंय मगो, जेवलात काय, जेवलें रे. हातातला वाडगा कलू लागला की प्रत्येकाचा चेहरा क्षणभर उघडा पडे. मग कुणी घाईने पिऊन टाकी, कुणी दोन्ही हातांनी आधार देऊन बघत बसे, कुणी हसे, आणि एक बाई तर त्या मऊ चिखलाला तान्ह्या पोरासारखं कुशीत धरून रडली. शर्ट-पॅन्टमधला एक गृहस्थ उभ्या उभ्या रागावला. ही माती लोकांच्या पोटात घालता, लाज वाटत नाही? तेजस्विनीने कॅमेऱ्यावरून नजर काढली. आवाज चढवला नाही. "पंचवीस वर्षं ही माती आमच्या पोटात जातेच आहे," ती म्हणाली. "पाण्यातून, भातातून. आज दिसते एवढंच. तुम्हांला नको असेल तर खाली ठेवा." गृहस्थ गेला नाही. त्याने वाडगा खाली ठेवला आणि तो विरघळून सपाट होईपर्यंत उभा राहून बघितला.

बाई वाढत होत्या, पण त्यांचं लक्ष सुनेवर होतं. इतक्या माणसांत ती एकटी होती आणि प्रत्येकाजवळ होती. कुणाचा हात कापतो, कुणाचा वाडगा आधी जाणार, कुणाला एकटं सोडायचं, हे तिला न बघता कळत होतं. बाईंना वाटलं, आपण आणि गोकुळदास ज्याच्यासाठी उभं आयुष्य भांडलो, तो प्रश्न या पोरीने जमिनीवर चटई घालून सोडवला नाही, सोडवायचा प्रयत्नही केला नाही. तिने फक्त सगळ्यांना एका पंगतीला बसवलं. एवढं आपल्याला का सुचलं नाही, हा विचार आला, आणि त्यात आश्चर्य म्हणजे मत्सर नव्हता. अभिमान होता, आणि अभिमानाखाली थोडी भीतीही, की हे इतकं सरळ माणूस जगात कसं टिकणार.

सदाशिव दुपारी आले, इस्त्रीचा शर्ट घालून. पंगतीच्या टोकाला बसले. बाईंनी त्यांना वाढलं. नेमका तेव्हाच माठातून त्यांचा आवाज सुरू झाला, आणि त्यांनी तो ओळखला नाही. कोण गो हो, आमच्याकडचो दिसता, म्हणून त्यांनी शेजारच्या मासळीवालीला विचारलं. मग डबा, खेप, काचा आल्या आणि त्यांचा हात थांबला. मासळीवालीने त्या बोलण्याला हळूच दाद दिली, "बरें उलयता मरे तो." सदाशिव मान खाली घालून पेज पीत राहिले. त्यांचा वाडगा बोटांतून ओघळू लागला तसे त्यांनी तळहात मोठा केला आणि उरलेली पेज तळहातातूनच प्यायली.

बाजार उठला. चटईवर तांबडा राडा उरला होता, तो चंद्रावतीने घमेल्यात भरून घेतला. वाया कशाला, म्हणाली, परत चाळू. सदाशिव डिचोलीच्या बसला गेले. सासू-सून पणजीच्या बसमध्ये बसल्या. तेजस्विनी काहीतरी सांगत होती, पुढच्या वेळी पेडण्याला करायचं म्हणत होती, आणि सांगता सांगता गिरी गाव यायच्या आतच तिचं डोकं बाईंच्या खांद्यावर आलं. झोपेत तिचा चेहरा अगदी लहान दिसत होता. कोपरापर्यंत वाळलेली माती सीटच्या रेग्झीनवर पडत होती. कंडक्टरने ते बघितलं, सीट म्हेळी जाली, म्हणाला. बाई म्हणाल्या, "हांव पुसतां मागीर. तिका उठोव नाका."

पूल आला, खाली मांडवीत खाणीच्या रिकाम्या बार्जी, खनिज वाहणाऱ्या सपाट बोटी, नांगरून पडल्या होत्या. बाईंचा खांदा भरून आला होता, हात बधिर झाला होता. पणजीच्या स्टँडवर बस थांबली. माणसं पिशव्या ओढत उतरली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि तो चहाला गेला. कंडक्टर मागे वळला. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं, वर्गात ठेवत तसं, आणि तो पुढच्या दाराने खाली उतरला. थोड्या वेळाने नवी माणसं चढू लागली. खाली उभा राहून कुणी तरी म्हापसा, म्हापसा ओरडत होता. बस परत म्हापशाला जायला भरू लागली तरी सत्यवतीबाई हलल्या नाहीत, खांदा सरळ धरून बसून राहिल्या.